चातुर्मासातला पेंग्विन

"कात्री कुठेय?" ह्यांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं.

"शिवणाच्या डब्यात. कशाला हवीय?"

"सुतळी कापायला."

आषाढी एकादशी होती. मी भगर झाकून ठेवली आणि हात पुसत बाहेर आले, तर आमच्या टीव्हीवर पलंगावरची पांढरी चादर चढलेली. नुसती टाकलेली नाही. चारी कोपऱ्यांना घड्या घालून, टपालाचं पार्सल बांधावं तशी सुतळीनं आवळलेली. समोर एक चौकोनी कागद चिकटवला होता. त्यावर ह्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'आषाढ शु. ११ ते कार्तिक शु. ११. बंद.' खाली तारीख. तारखेखाली सही.

"हे काय?"

"नेम."

"कसला नेम?"

"चातुर्मासाचा. लोक वांगं सोडतात, कांदा सोडतात. आपण टीव्ही सोडायचा."

मी ह्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. सत्यनारायणाच्या प्रसादाला 'शिरा' म्हणणारा आणि आणखी एक वाटी मागणारा हा माणूस. एकादशीला हटकून ह्यांना कांदाभज्यांची आठवण व्हायची. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं नकाशे काढले, हेड ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. जे पट्टीनं मोजता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा ह्यांचा एकच धर्म.

"आपण म्हणजे कोण कोण?" मी विचारलं.

"तू आणि मी. घरात तिसरं कोण आहे?"

"आणि मला विचारलंत कधी?"

"चांगल्या गोष्टीला विचारायचं काय? डोळ्यांना विश्रांती. चार पुस्तकं वाचून होतील."

"आणि तुमचं क्रिकेट?"

"क्रिकेट काय, चालूच असतं," असं म्हणून ह्यांनी कात्री माझ्या हातात ठेवली. हे बोलणाऱ्या माणसाच्या कपाटात त्या दिवशी धावफलकाच्या अकरा वह्या होत्या. एकही सामना न चुकवता, प्रत्येक चेंडू टोकदार पेन्सिलीनं टिपलेला.

"अहो, पण नंदिनी!"

"कोण नंदिनी?"

रात्री साडेआठच्या माझ्या मालिकेतली नंदिनी. मालिकेचं नाव सांगत नाही, तुम्ही हसाल. तिच्या जावेनं मृत्युपत्र बदललं होतं, ते एकट्या नंदिनीनं पाहिलं होतं, आणि म्हणूनच ती जिन्यावरून पडून आठवडाभर बेशुद्ध होती. ती शुद्धीवर कधी येते, याकडे माझे डोळे लागले होते. अशा वेळी चार महिने!

ही गोष्ट दोन हजार सात सालची, नाशिकची. अधिक महिन्यामुळे त्या वर्षी चातुर्मास उशिरा, जुलैच्या अखेरीस लागला होता. जूनमध्ये माझ्या मानेवरची एक गाठ काढली होती. नऊ दिवसांनी तपासणीचा कागद आला, गाठ साधी निघाली, विषय संपला. टाक्यांची जागा तेवढी ओढायची, त्यामुळे मान पटकन वळत नसे. दुपारी निजायचं आणि संध्याकाळी टीव्ही पाहायचा, असा पथ्याचा कार्यक्रम मला डॉक्टरांनी, म्हणजे माझी मीच, आखून दिला होता.

शेजारच्या वाघचौरेबाईंकडे जाऊन पाहता आलं असतं. पण तो रस्ता मी स्वतःच बंद करून टाकला. गुरुवारच्या भजनी मंडळात बायका आपापले नेम सांगत होत्या. कुणी चप्पल सोडली होती, कुणी गोड. माझी पाळी आली तशी मी म्हणाले, "आमच्याकडे चार महिने टीव्ही बंद."

"अगंबाई!" वाघचौरेबाईंनी टाळ खाली ठेवले. "चार महिने? आमच्याकडे चार तास नाही जमायचं."

"होतं हो मनावर घेतलं की," मी म्हणाले. त्या दिवशी आरतीचं ताट पहिल्यांदा माझ्या हातात दिलं. नेम ह्यांचा, पुण्य माझं. आता वाघचौरेबाईंच्या सोफ्यावर बसून नंदिनी कशी बघणार?

आठवडाभर मी कळ काढली. मग एक दिवस हे संध्याकाळी फिरायला बाहेर पडले आणि मी ऋजुताला फोन लावला.

ऋजुता माझी भाची, भावाची मुलगी. इंजिनिअरिंगची शेवटची दोन वर्षं आमच्याकडे होती. नोकरीला बंगळूरला जाताना आपला कॉम्प्युटर मागच्या खोलीत ठेवून गेली होती. पेटीवर पेंग्विनचं चित्र चिकटवलेलं. त्यात विंडोजऐवजी लिनक्स होतं, पेंग्विन ही त्याचीच खूण. ते आणलं तेव्हा ह्यांनी तिची चौकशी केली होती. "फुकट कसं मिळतं? चोरीचं आहे का?"

"नाही आतोबा. जगभरच्या लोकांनी मिळून केलंय. आतलं सगळं उघडं असतं. कुणीही बघावं, बिघडलं असेल तर सुधारावं आणि पुढे द्यावं. नावगाव कळत पण नाही कधी कधी, कुणी सुधारलं ते."

"म्हणजे मी गोडा मसाला शिकवते तसं," मी म्हणाले.

"हो आत्या. फक्त तू एक जिन्नस हळूच लपवून ठेवतेस, हे लोक ठेवत नाहीत."

तर त्या ऋजुताला मी फोनवर माझं दुःख सांगितलं. ती एवढी हसली की मला फोन लांब धरावा लागला.

"आत्या, त्या कॉम्प्युटरमध्ये टीव्ही कार्ड आहे! होस्टेलवर असताना आम्ही सगळ्या त्याच्यावरच बघायचो. पेटीच्या मागे एक गोल तोंड आहे बघ, केबल लावायचं."

आता योग बघा. केबलची वायर गच्चीवरून मागच्याच खोलीच्या खिडकीतून आत यायची आणि तिथून भिंतीच्या कडेनं बाहेरच्या खोलीत जायची. ती ह्यांनी स्वतः बसवली होती, वीतभर अंतरावर एकेक क्लिप ठोकून. खिडकीपाशी जोड होता. मी जोड सोडवला, एक क्लिप उपटून वायर सैल केली आणि पेटीच्या मागे लावली.

"आता काळी खिडकी उघड," ऋजुता म्हणाली. पडद्यावर एक काळा चौकोन उघडायचा, त्यात पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहायचे. तिनं एकेक अक्षर सांगितलं, मी माझ्या पाककृतींच्या वहीत अनारशांच्या पानाखाली लिहून घेतलं. पहिला हुकूम चॅनेल शोधायचा. तो दिला आणि काळ्या खिडकीत आकडे भराभरा धावायला लागले, जणू रॉकेटच सोडतेय. दुसरा हुकूम टीव्ही लावायचा. तो दिला, आणि मुंग्या, मुंग्या, मग एकदम नंदिनी! दवाखान्यात, नाकात नळी, पण कपाळावर टिकली शाबूत.

"दिसली!" मी ओरडले. "पण आवाज कुठेय?"

"अरेच्चा. त्याला एक छोटी वायर लागते गं, टीव्ही कार्डातून आवाजाच्या कार्डात. ती माझ्याबरोबर इकडे आली वाटतं."

"मग?"

"मग मुकी बघ काही दिवस. आणि आत्या, नेमाचं काय?"

"नेम टीव्हीचा आहे. हा कॉम्प्युटर आहे."

तीन आठवडे मी नंदिनी मुकी पाहिली. पण मुक्या चित्राचीही गंमत असते. जाऊबाई तोंड हलवायची आणि मी इकडे हळूच तिचं वाक्य म्हणायची, "मेली उठते की काय आता!" सासू डोळे पुसायची, मी म्हणायची, "घरात साखर संपलीय, हिला काय त्याचं!" मालिका लिहिणाऱ्यापेक्षा बरं चाललं होतं माझं.

साडेआठला हे जेवण उरकून बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसत. मी "जरा कॉम्प्युटर शिकते" म्हणून आत जाई आणि दार लोटून घेई. पावलं वाजली की काळी खिडकी समोर आणायची आणि चॅनेल शोधायचा हुकूम द्यायचा. आकडे धावायला लागत. पहिल्यांदा हे आत आले तेव्हा बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले.

"काय आहे हे?"

"आज्ञावली," मी म्हणाले. हा शब्द मी वर्तमानपत्रातून उचलला होता.

"बरं, बरं. चालू दे."

दोनच दिवसांत गल्लीभर झालं. गर्गेसाहेबांच्या मिसेस प्रोग्रामिंग शिकतायत! वाघचौरेबाई सुनेला घेऊन आल्या. "हिलाही शिकवा की थोडं. घरी नुसती मालिका बघत बसते."

"मालिका वाईटच," मी म्हणाले.

मात्र त्याच सुमारास ह्यांना खोकला लागला. विचित्र खोकला. दिवसभर काही नाही. संध्याकाळी मागच्या खोलीच्या दाराशी आले की खाकरायचे, चांगले तीनचार वेळा, आणि मग आत यायचे. मी आलं, मिरी, अडुळशाचा पाला घालून काढा सुरू केला. सकाळ-संध्याकाळ एक पेला.

"कडू आहे गं फार."

"प्या मुकाट्यानं. साठी उलटलीय."

प्यायले बिचारे. महिनाभर प्यायले.

इकडे श्रावणात एक चमत्कार झाला. आदल्या दिवशी, गुरुवारी मी भजनाला गेले होते. शुक्रवारी साडेआठला टीव्ही लावला तर खोलीत केवढ्यानं आवाज घुमला, "तुला काय वाटलं, मी गप्प बसेन?" मी खुर्चीतून उडालेच. जाऊबाई बोलत होती! धावत जाऊन दार लावलं, आवाज कमी केला. आणि हसावं की रडावं कळेना, कारण त्या जावेचा आवाज मी ठरवला होता त्याहून फारच गोड निघाला.

ऋजुताला विचारलं तर म्हणाली, "होतं असं कधी कधी, आत्या. लिनक्स आहे ना. कुणीतरी कुठेतरी बसून सुधारतं."

जिवतीचा शुक्रवार होता. पूजेतलं हळदकुंकू उरलं होतं, ते मी पेंग्विनच्या कपाळाला लावलं.

अशी मी सुखात होते. भाद्रपद लागला, गणपती बसले. आणि ह्यांचा मात्र चेहरा उतरत चालला. वर्तमानपत्राचं शेवटचं पान वाचून झालं की घडी घालून ठेवायचे, पुन्हा उघडायचे. तिकडे आफ्रिकेत वीस षटकांचा विश्वचषक चालला होता. आपला संघ जिंकत जिंकत शेवटच्या सामन्यात पोचला, समोर पाकिस्तान. सोमवारी संध्याकाळी फायनल, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. गल्लीतल्या मंडळानं गणपतीच्या शेजारीच मोठा पडदा लावला. वाघचौरे स्वतः बोलवायला आले.

"चला गर्गेसाहेब, खुर्ची धरून ठेवलीय."

"नाही हो. नेम आहे."

"अहो, एक दिवस चालतं. गणपती समोर आहे, तोच माफी देईल."

"माझी त्यांची ओळख नाही," हे म्हणाले आणि पुस्तक उघडून बसले.

मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. आपण आत चोरून गोडधोड खावं आणि दुसऱ्यानं बाहेर उपास करावा, तसं. पण माझीही अडचण होती. नंदिनी त्याच सोमवारी शुद्धीवर येणार होती. आदल्या भागाच्या शेवटी तिचं बोट हललं होतं.

साडेआठला मी आत गेले, हुकूम दिला, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. वायर निसटली असणार. पेटी टेबलाखाली भिंतीला टेकलेली. मान वाकवायची नाही म्हणून मी सरळ खाली बसले आणि दोन्ही हातांनी पेटी ओढून फिरवली. दोन महिन्यांत तिची पाठ मी पाहिली नव्हती. केबल सैल झाली होती, ती बसवली. तिच्याजवळ बोटभर लांबीची एक काळी वायर होती, एका भोकातून निघून दुसऱ्या भोकात गेलेली. ही मी लावलेली नव्हती. तिच्या दोन्ही टोकांना कागदाच्या बारीक चिठ्ठ्या गुंडाळल्या होत्या. मी चष्मा सारखा केला.

एका चिठ्ठीवर होतं, 'ध्वनी, बाहेर.' दुसरीवर, 'ध्वनी, आत.' आणि त्याखाली, मुंगीएवढ्या पण छापल्यासारख्या अक्षरात, 'दि. २३-८-०७.' तारखेखाली सही.

नकाशावर सही केल्याशिवाय तो पुढे जाऊ द्यायचा नाही, अशी खात्याची शिस्त. माणूस चोरून वायर लावतो आणि तिच्यावरही सही करतो!

मी फरशीवर तशीच बसून राहिले. मग तो खोकला आठवला. दाराशी तीनचारदा खाकरणं. घसा नव्हताच खराब. मला काळी खिडकी समोर आणायला वेळ मिळावा म्हणून तो माणूस खोकत होता, आणि त्यासाठी महिनाभर अडुळसा पीत होता.

मी उठले आणि पाय न वाजवता बाहेर आले. हे खिडकीपाशी बसले होते. पुस्तक बाजूला पडलेलं. मांडीवर बारावी वही. गल्लीत केवढा तरी ओरडा झाला, तसं ह्यांनी घड्याळ पाहिलं आणि पेन्सिलीनं काहीतरी टिपलं. मी खांद्यावरून वाचलं.

'५.५२. मोठा आवाज. चौकार असावा. ६.१०. हळहळ. बाद? ६.५१. फटाके.'

"अहो!"

वही झाकायचा प्रयत्न केला ह्यांनी, पण उशीर झाला होता.

"हा काय प्रकार?"

"लोक ओरडतायत, ते ऐकतोय. ओरडणं म्हणजे काही टीव्ही नव्हे."

"आणि 'ध्वनी, आत' म्हणजे?"

हे हळूच म्हणाले, "आवाज नीट येतोय ना?"

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात. मी ठोकलेल्या क्लिपा आहेत त्या. खिडकीपासून चौथी जागेवर नव्हती."

"आणि वायर?"

"ऋजुतानं कुरियरनं पाठवली. मीच मागवली. तू तीन आठवडे एकटीच बडबडत होतीस आत. दारातून ऐकू यायचं. मला काळजी वाटायला लागली."

"मग मला चोरी का करायला लावलीत? तेव्हाच सांगायचं, तू बघ म्हणून!"

"नेम तुझा नव्हताच, कालिंदी. माझा होता. टीव्ही समोर चालू असता तर मला राहवलं नसतं, म्हणून बांधून ठेवला. तुला वेगळं कसं सांगू? तू विचारलं असतंस, नेम कशासाठी."

"विचारलं असतंच. कशासाठी?"

"डोळ्यांना विश्रांती."

गल्लीत पुन्हा ओरडा झाला. ह्यांचा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला, डोळे घड्याळाकडे. मला राहवेना.

"उठा. चला आत. मी मॅच लावते."

"बघणार नाही मी."

"नका बघू. भिंतीकडे तोंड करून बसा. मी बघते आणि सांगते."

ह्यांनी विचार केला. ड्राफ्ट्समनसारखा, सगळ्या बाजूंनी. "आवाज बंद करावा लागेल. टीव्हीचा आवाज हाही टीव्हीच."

"बंद. मुकं चित्र मला काही नवं नाही."

"आणि तुझी ती?"

"दोन महिने निजलीय. आज आणखी एक दिवस निजू दे."

खोटं कशाला बोलू, चॅनेल बदलताना क्षणभर नंदिनी दिसली. पापण्या थरथरत होत्या. मी डोळे मिटून पुढचा आकडा दाबला.

हे भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले, मांडीवर वही. मी त्यांच्या मागे, पडद्यासमोर.

"कोण टाकतंय?"

"एक निळा."

"सगळे निळेच आहेत आपले! कसा दिसतो?"

"दाढी आहे. नाही, नाही, दाढीवाला दुसरा. हा लांब पळत येतोय. टाकला. त्या हिरव्यानं मारला. गेला, गेला, वर गेला."

"कुठे गेला? कुठल्या बाजूला?"

"आपल्या देवघराच्या."

"झेलला का?"

"लोकांत पडला. लोक नाचतायत. हिरवे लोक."

"षटकार," हे कण्हले आणि लिहिलं. "अगं, जरा नीट सांग. चेंडू कसा होता?"

"लाल नव्हता. पांढरा आहे."

"ते माहितीय मला!"

अशी आमची मॅच चालली. मी 'तो जाडा आऊट झाला' म्हणायची, हे वर्तमानपत्र आठवून नाव ओळखायचे. मध्येच आपला माणूस चिडला, तर मी सवयीनं म्हणाले, "मेल्या, पळ की नीट, घरी काय खात नाहीस?"

"असं म्हणाला तो?"

"नाही, ते मी म्हणाले."

ह्यांच्या पाठीवरून कळत होतं, माणूस हसतोय. दोन महिन्यांनी हसत होता.

आणि सामना असा अडला की मलासुद्धा घाम फुटला. शेवटचं षटक. त्यांचा शेवटचा गडी उरलेला, तेरा धावा हव्या. एक चेंडू पार बाहेर गेला. एक हुकला. मग त्या हिरव्यानं असा उचलला की थेट लोकांत. गल्ली चिडीचूप झाली.

"चार चेंडू, सहा धावा," हे पुटपुटले. पेन्सिलीचं टोक वहीवर टेकलेलं. "बोल, पुढे बोल."

आणि मला माझी संधी दिसली. माझं बोट चॅनेलच्या बटणावर होतं.

"नेम कशासाठी होता?"

"कालिंदी, ही वेळ आहे का?"

"हीच वेळ आहे. सांगा, नाहीतर मी नंदिनी लावते."

"अगं, चार चेंडू!"

"मोजते मी. एक..."

"त्या तपासणीच्या ठिकाणी," हे भिंतीला म्हणाले. आवाज एकदम वेगळाच निघाला. "जूनमध्ये. कागद मिळायचा होता त्या दिवशी. तू पाणी प्यायला गेलीस. बाकावर मी एकटाच होतो. समोरच्या भिंतीवर टीव्ही लावला होता, कुठलीशी जुनी मॅच चालली होती. माझं मन त्यात लागेना, तेव्हा मला कळलं मी किती घाबरलोय ते. म्हटलं, गाठ साधी निघू दे. चार महिने ह्याच्याकडे बघणार नाही."

"कुणाला म्हणालात?"

"कुणाला म्हणणार? माझी कुणाशी ओळख नाही तिथे. भिंतीला म्हणालो." थोडं थांबून म्हणाले, "दिलेला शब्द आहे. कुणालाही दिला तरी."

ह्यांच्या मानेवरचे केस वाढले होते, सदऱ्याची कॉलर एका बाजूनं विरली होती, आणि एवढ्या दिवसांत ती माझ्या लक्षात आली नव्हती. नऊ दिवस मी ह्यांना धीर देत होते. मला वाटायचं, ह्या माणसाला कशाचंच काही नाही, पट्टी घेऊन बसलाय.

एकाएकी गल्ली फुटली. ढोल, फटाके, शिट्ट्या, 'मोरया' आणि 'भारत माता की जय' एकाच तोंडानं. वाघचौरे गच्चीवर जाऊन थाळी बडवत होते.

"काय झालं?" हे खुर्चीत ताठ झाले. भिंतीकडेच तोंड. "जिंकलो? कसा आऊट झाला? कुणी झेलला? बोल ना!"

मी पडद्याकडे पाहिलं. सगळे निळे एकमेकांच्या अंगावर पडत होते.

"जिंकलो," मी म्हणाले.

"ते ऐकू आलं. बाद कसा झाला?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? समोर बसलीयस तू!"

"मी तुमच्याकडे बघत होते," मी म्हणाले आणि पदरानं नाक पुसलं.

ह्यांनी पेन्सिलीला टोक काढायचं यंत्र मागितलं.

कार्तिकी एकादशीला ह्यांनी सुतळी कापली, चादरीची घडी घातली. त्यानंतर तो शेवटचा झेल आम्ही दोघांनी टीव्हीवर किती वेळा पाहिला, गणती नाही. हे आता ऐंशीचे झाले. नेम कशासाठी होता म्हणून कुणी विचारलं तर अजून म्हणतात, "डोळ्यांना विश्रांती." नंदिनी शुद्धीवर आली तेव्हा पहिलं वाक्य काय बोलली, ते मला अजूनही कळलेलं नाही. वाघचौरेबाईंना माहीत असणार, पण विचारायची सोय नाही.

बारावी वही कपाटात आहे. पहिल्या पानावर नुसते आवाज आणि वेळा, पुढच्या पानांवर 'जाडा', 'दाढीवाला', 'देवघराच्या बाजूस षटकार'. मी कितीदा म्हटलं, आता सगळ्या जगाला ठाऊक आहे, ती शेवटची ओळ तरी खोडून नीट लिहा. हे म्हणतात, खात्यात असं करत नाहीत; जागेवर जे दिसलं तेच कागदावर यायचं. ओळीखाली दोन सह्या आहेत, 'रेखाटले' समोर ह्यांची आणि 'तपासले' समोर माझी. आणि ओळ अशी आहे:

'दहावा गडी बाद. कसा, ते समजले नाही. वार्ताहर त्या वेळी दुसरीकडे पाहत होती.'